पंच्याऐंशी वर्षं चार महिने

ट्रेव्हर सग्डनला सरकारी पेन्शनचं पत्र आलं ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्या दिवसापासून त्या घराची शांतता गेली. पत्रात वाईट असं काही नव्हतं. उलट, सरकारकडून इतकं गोड पत्र ट्रेव्हरला पासष्ट वर्षांत आलं नव्हतं. येत्या अठ्ठावीस ऑक्टोबरला तुम्हाला सहासष्ट पूर्ण होतील, तेव्हापासून पेन्शन मागता येईल, असं त्यात लिहिलं होतं. इथवर ठीक होतं. पण खाली आणखी एक परिच्छेद होता. नाही मागितलीत तर पेन्शन पुढे जाईल, आणि जितकी पुढे जाईल तितकी वाढत जाईल.

हा परिच्छेद दुसऱ्या कुणी वाचून सोडून दिला असता. ट्रेव्हर सोडणाऱ्यातला नव्हता. आमच्या ब्रॅकनशॉ गावात गालिच्यांचं एकच दुकान आहे, आणि त्या दुकानासाठी लोकांच्या खोल्या मोजायचं काम ट्रेव्हर एक्केचाळीस वर्षं करत होता. यॉर्कशरच्या या कोपऱ्यातलं असं एक घर नसेल जिथे तो गुडघ्यांवर रांगला नाही. भिंती सरळ नसतात, कोपरे काटकोनात नसतात आणि घरमालक सांगतो ते माप कधीच खरं नसतं, हे त्याचं आयुष्यभराचं ज्ञान होतं. अशा माणसाला 'आत्ता घ्या किंवा मग घ्या' असं सांगणं म्हणजे त्याच्या हातात टेप देऊन खोली लपवण्यासारखं आहे.

पत्र त्याने तीनदा वाचलं आणि जॅनिसला दाखवलं. जॅनिस त्याची बायको. ती त्याच्याहून वर्षाने मोठी, शाळेच्या कचेरीत कामाला होती. गेल्या नोव्हेंबरात सहासष्ट पूर्ण झाली त्याच दिवशी तिने पेन्शन मागितली आणि कचेरीची किल्ली परत केली. तिने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "तुझं तू बघ."

अडतीस वर्षांचा संसार झालेल्या कुठल्याही नवऱ्याला या तीन शब्दांचा अर्थ कळायला हवा होता. तिला काय हवंय हे त्या दिवशी आमच्या पोस्टमनलासुद्धा कळलं असतं. पण ट्रेव्हरने ते शब्द परवानगी म्हणून घेतले. बायको किती समजूतदार आहे असं त्याला वाटलं, आणि तो वही शोधायला उठला.

हिशेब सोपा होता आणि तिथेच तो फसला. दोन वर्षं आणखी मोजमापं करत राहायचं, पगार चालू, पेन्शन अडुसष्टाव्या वर्षी घ्यायची. ती साडेअकरा टक्क्यांनी वाढलेली. पण मधल्या दोन वर्षांची गेली ती गेली. ती भरून यायची तर पुढे सतरा वर्षं आणि वर थोडे महिने जगायला हवं. त्याने आकडे दोनदा मांडले. पंच्याऐंशी वर्षं चार महिने. तेवढं जगलो तर थांबण्यात शहाणपणा, त्याआधी गेलो तर मूर्खपणा. म्हणजे प्रश्न पेन्शनचा राहिलाच नाही, तो आयुष्याच्या लांबीचा झाला. आणि लांबी मोजणं हा तर ट्रेव्हरचा धंदाच होता.

आधी त्याने शेजाऱ्यांना विचारलं. उजवीकडे ब्रायन बॅराक्लफ, बसकंपनीतला निवृत्त तपासनीस, वय एकाहत्तर. ब्रायनने सहासष्टाव्या वर्षी पहिल्याच दिवशी पेन्शन घेतली होती आणि त्याचं दुःख तो अजून करत होता. कुंपणावर कोपरं टेकून त्याने पाऊण तास सांगितलं की थांबलो असतो तर आज स्पेनला घर असतं. किती वर्षं थांबल्यावर स्पेनला घर येतं ते मात्र त्याला सांगता आलं नाही. डावीकडे मॉरीन पिकर्सगिल. तिचा रेज थांबला होता. दोन वर्षं थांबला, फॉर्म भरला, पाकीट चिकटवलं, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपासून आठ पावलांवर त्याचं हृदय बंद पडलं. पाकीट मॉरीनने अजून जपून ठेवलं होतं. "घेऊन टाक, ट्रेव्हर," ती म्हणाली, "आणि टपालाने तर पाठवूच नकोस."

दोघांचे सल्ले ऐकून ट्रेव्हर जिथे होता तिथेच राहिला, फक्त आता वहीचं आणखी एक पान भरलं.

मग त्याने पेन्शनच्या नंबरावर फोन केला. बराच वेळ फोनमध्ये नुसती बासरी वाजली. नंतर कॅथ नावाची एक मुलगी आली आणि तिने अत्यंत सौजन्याने सगळं समजावलं. घ्यायची असेल तर दहा मिनिटांत होते, आणि पुढे ढकलायची असेल तर काहीच करावं लागत नाही.

"काहीच नाही म्हणजे, कुठला फॉर्म?" ट्रेव्हरने पेन सरसावून विचारलं.

"फॉर्म नाही, मिस्टर सग्डन. तुम्ही फक्त मागायची नाही."

"मग मी मागत नाहीये हे तुम्हाला कसं कळणार?"

"तुम्ही मागितली नाहीत यावरून."

"पण मी विसरलोय असं तुम्हाला वाटलं तर?"

यावर कॅथ म्हणाली की तसं त्यांना काही वाटत नाही. ट्रेव्हरला हे पटलं नाही. एखाद्याने आपल्याला बोलावणं पाठवावं आणि आपण उत्तरही देऊ नये, हे त्याच्या घरच्या वळणात बसणारं नव्हतं. त्याच्या आईने वाढदिवसाच्या रुमालांबद्दलसुद्धा आभाराचं पत्र लिहायला लावलं होतं. त्याने त्या दुपारी सरकारला एक पानभर पत्र लिहिलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, तूर्त मागणी करत नाही, कृपया गैरसमज नसावा, आणि माझ्यासाठी कुणी खोळंबून राहू नये. पत्र टाकायला तो लांबच्या पेटीवर गेला.

यानंतर उरलं ते मुख्य मोजमाप. सग्डन घराणं साधारण किती टिकतं? याची नोंद एकाच जागी होती, गावच्या चर्चच्या आवारात, दगडांवर.

सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी तो वही, पेन्सिल आणि शेवाळ खरवडायला जुना ब्रश घेऊन तिथे गेला. वडील एकोणऐंशी. आई अठ्ठ्याऐंशी, हे बरं झालं. आजोबा एकाहत्तर, हे तितकंसं बरं नाही. आत्या एडा सत्त्याण्णव. एडाआत्याने आयुष्यभर सगळ्यांना छळलं होतं, पण त्या क्षणी ट्रेव्हरला तिच्याविषयी पहिल्यांदा माया वाटली. राहिले विल्फ्रेडकाका. ते बासष्टाव्या वर्षी गेले, पण शिडीवरून पडून. चर्चच्याच सभागृहाला रंग देताना. आता हे धरायचे की नाही? धरले तर सरासरी एकोणऐंशीवर येत होती. ट्रेव्हरने थोडा वेळ विचार केला. शिडी हा काही घराण्यातला आजार नाही, असं ठरवून त्याने काकांना वगळलं. तरी गाडं चौऱ्याऐंशीच्या अलीकडेच अडलं.

माणसं घराण्याचा मान वाढवायला पूर्वज शोधतात, ट्रेव्हर सरासरी वाढवायला शोधू लागला. झुडपाखाली एक बुटका दगड होता, त्यावर पणजी हेप्झिबा सग्डन. वय वाचायला त्याला ओल्या गवतात पोटावर पालथं पडावं लागलं. एक्क्याण्णव. पडल्यापडल्याच त्याने बेरीज केली. पंच्याऐंशी वर्षं दोन महिने. दोन महिन्यांनी हुकलं.

तो गुडघे चोळत उठला. पुढे जे घडलं त्यात त्याचा दोष नाही. चाळीस वर्षं माणूस एकच काम करतो तेव्हा हात आपोआप चालतात. वडिलांच्या थडग्याच्या आणि भिंतीच्या मध्ये गवताचा एक सुबक लांबट तुकडा होता, आणि लांबट तुकडा दिसला की ट्रेव्हरचा हात टेपकडे जायचाच. त्याने टेप काढला, टोक दगडाला लावलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाला, "सहा फूट तीन, बाय दोन फूट आठ." मग ते वहीत लिहिलं. मान वर केली तर समोर रेव्हरंड फिलिपा उभी होती, हातात झारी.

फिलिपा तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चला धर्मगुरू म्हणून आली. भली पोरगी आहे. तिने एकदा ट्रेव्हरकडे पाहिलं, एकदा त्या गवताकडे पाहिलं, त्याच्या शर्टाला लागलेला चिखल पाहिला, आणि झारी खाली ठेवून त्याच्या दंडावर हात ठेवला. म्हणाली, "ट्रेव्हर, माझं दार कधीही वाजव. किटली चालूच असते."

एखाद्या दुसऱ्या मुलखात बाईने विचारलं असतं की तुम्ही इथे काय करताय, आणि पुरुषाने विचारलं असतं की तुम्ही असं का बोलताय, आणि पाच मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. ब्रॅकनशॉत असं विचारत नाहीत. कुणाचा पगार, कुणाचा आजार आणि कुणाच्या घरात पडदे का ओढलेले आहेत, या तीन गोष्टी आम्ही कधीच विचारत नाही. आम्ही फक्त ठरवतो. फिलिपाने ठरवलं. ट्रेव्हरला वाटलं, बाई हल्ली फार प्रेमळ झाली आहे. त्याने आभार मानले आणि तो घरी गेला.

फिलिपाने कुणाचंही गुपित फोडलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. रविवारी वेदीवर फुलं मांडणाऱ्या बायकांना तिने फक्त एवढंच सांगितलं की आपल्यातल्या एका गृहस्थांसाठी प्रार्थना करा. नाव नको, ते गालिच्यांच्या दुकानात असतात. त्या फुलांवाल्यांत मॉरीन पिकर्सगिल होती.

सोमवारी मॉरीनने खिमा आणि बटाट्याची पाई आणून दिली. मंगळवारी ब्रायनच्या बायकोने रुबार्बचा गोड क्रम्बल दिला. बुधवारी लिंबाचा केक आला, गुरुवारी कोंबडीचं सूप, शुक्रवारी पुन्हा पाई. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. आणून देणारी बाई दारात उभी राहून हवेबद्दल बोलायची, ट्रेव्हरकडे डोळे भरून पाहायची आणि जाता जाता त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायची. ब्रायनने तर कुंपणावरून त्याला आपलं गवत कापायचं यंत्र कायमचं देऊ केलं. ब्रायन ते यंत्र स्वतःच्या भावाला दोन तासांसाठीही देत नसे.

ट्रेव्हर खात होता आणि भारावून जात होता. महिन्यावर वाढदिवस आला की लोक असं करत असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. सहासष्ट हे मोठंच वय म्हणायचं.

तो घास त्याच्या घशात अडकला तो जॅनिसमुळे. जॅनिस बदलली होती. आठवडाभर तिने त्याचं एकही बोलणं खोडून काढलं नाही. त्याने टॉवेल ओला गादीवर टाकला, ती काही बोलली नाही. त्याने डब्यातलं शेवटचं आल्याचं बिस्किट खाल्लं, तर ती म्हणाली, खा रे, तुझ्यासाठीच ठेवलं होतं. शुक्रवारी तो मुद्दाम म्हणाला की लीड्सचा रस्ता डावीकडून जवळ पडतो. या एका मुद्द्यावर अडतीस वर्षं त्यांचं भांडण होतं. जॅनिस म्हणाली, "हो, तसंच असेल."

ट्रेव्हरनेही ठरवलं. बाई आजारी आहे. काहीतरी मोठं आहे आणि ती लपवते आहे. आता त्याला सगळं दिसू लागलं. लोक जेवण का आणताहेत? तिच्यासाठी. गावाला माहीत आहे, आणि आपल्याला नाही. त्या दुपारी डेल स्ट्रीटवर एका बाईंची बैठकीची खोली मोजताना त्याने बारा फुटांचे अकरा फूट लिहिले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. गालिचा आला तेव्हा भिंतीशी एक फूट उघडी फरशी राहिली. दुकानाचा मालक त्याला एक शब्दही बोलला नाही, उलट खांदा थोपटून म्हणाला की घरी जा, विश्रांती घे. त्याने ट्रेव्हर आणखीच घाबरला. जॅनिसला विचारावं असं दहादा मनात आलं, आणि दहाही वेळा त्याने विचारलं की चहा टाकू का.

पंच्याऐंशी वर्षं चार महिन्यांचा, वहीतून फाडलेला कागद खिशातच होता, पण तो काढून बघायचं त्याच्या मनात आलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मळ्याच्या समितीची सभा होती. रेल्वेच्या रुळांमागे नगरपालिकेचे भाजीचे वाफे आहेत, चाळीस. भाड्याने मिळतात, आणि एकदा मिळाला की माणूस मरेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे प्रतीक्षा यादी लांब. यादीत पहिला नेव्हिल क्लेग, नऊ वर्षं पहिला. या नऊ वर्षांत चाळिसांपैकी कुणी साधं गंभीर आजारीदेखील पडलं नव्हतं. भाज्यांचा गुण असेल. नेव्हिल स्वभावाने गरीब. दर रविवारी कुंपणाबाहेर उभा राहून आत बघायचा आणि जायचा.

त्या दिवशी ट्रेव्हर आपल्या वाफ्यावर पोचला तर नेव्हिल आत होता. गुडघ्यांवर बसून ट्रेव्हरच्या कांद्यांतलं तण काढत होता. अर्धा वाफा लख्ख झाला होता. ट्रेव्हरला पाहून तो लाजेने लाल झाला आणि उभा राहिला. "तुला त्रास नको म्हणून," तो पुटपुटला. "बाकी घाई अजिबात नाही, ट्रेव्हर. तू तुझा वेळ घे."

ट्रेव्हर काही विचारणार तोच सभेला बोलावणं आलं. खोपटाबाहेर सगळे जमले होते, ब्रायन, मॉरीन, फिलिपासुद्धा. मध्ये कापडाने झाकलेलं काहीतरी होतं. समितीचा अध्यक्ष टोपी काढून उभा राहिला, घसा खाकरला, आणि म्हणाला की एरवी आपण अशा गोष्टी नंतर करतो, पण या वेळी समितीला वाटलं की माणसाला बघायला मिळावं. मग त्याने कापड ओढलं. खाली नवंकोरं लाकडी बाक होतं. पाठीवर पितळी पट्टी, आणि तिच्यावर कोरलेलं: ट्रेव्हर सग्डन याच्या प्रेमळ स्मरणार्थ.

लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून हळू आवाजात वाजवल्या.

ट्रेव्हरने पट्टी वाचली. मग आजूबाजूचे चेहरे वाचले. पाई, क्रम्बल, सूप, गवताचं यंत्र, झारी आणि सहा फूट तीन, हे सगळं एका ओळीत येऊन त्याच्यासमोर उभं राहिलं. आणि जॅनिस. म्हणजे जॅनिस आजारी नाही. आजारी आपण आहोत. त्याला इतकं हलकं वाटलं की तो त्या बाकावर मटकन बसला.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

मग मॉरीन हळूच म्हणाली, "धीराचा आहेस हो तू."

"नाही, मॉरीन, खरंच काही झालेलं नाही. मी पेन्शनचं बघत होतो." आणि त्याने खिशातला कागद काढून दाखवला, एडाआत्या, हेप्झिबा, शिडीवाले काका, सगळे.

सगळेच एकदम माफी मागू लागले. अध्यक्षाने माफी मागितली, फिलिपाने त्या शनिवारच्या झारीसकट मागितली, ब्रायनने मागितली पण यंत्राचा विषय काढला नाही. आणि ट्रेव्हरला तर सगळ्यांत जास्त अपराधी वाटत होतं. लोकांनी वर्गणी काढली, सुताराला सांगितलं, इतके दिवस स्वयंपाक केला, आणि आपण ठणठणीत. त्याने प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागितली. नेव्हिलसमोर आला तेव्हा तर त्याला मान वर करवेना.

"सॉरी, नेव्हिल," तो म्हणाला, "अजून बराच वेळ लागेल असं दिसतंय."

"छे, छे," नेव्हिल म्हणाला, "फार बरं वाटलं ऐकून." आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं. डोळे पुसत त्याने उरलेला अर्धा वाफाही साफ करून दिला.

ट्रेव्हर घरी आला तो हसतच. स्वयंपाकघरात जॅनिस बटाटे सोलत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टेप, फिलिपा, नेव्हिल, बाक. अध्यक्षाची नक्कलही करून दाखवली. त्याला वाटलं ती हसेल. जॅनिसने सुरी खाली ठेवली, खुर्चीवर बसली आणि रडायला लागली.

अडतीस वर्षांत तिला त्याने असं रडताना दोनदाच पाहिलं होतं. त्याला काय करावं कळेना. तो चहा टाकायला वळला, आणि पहिल्यांदाच त्याचं त्यालाच वाटलं की आता चहाने भागायचं नाही. तो तिच्याशेजारी बसला.

"मला वाटलं तू मला सांगत नाहीयेस," ती म्हणाली. "मॉरीन पाई घेऊन आली, तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलंच. म्हटलं, गावाला सांगितलंय याने, मला सांगायचं धैर्य होत नाहीये. दोन आठवडे झाले, मी रोज वाट बघतेय की आज सांगशील. आणि रोज तू येऊन बिस्किट खातोस."

"अगं, मला वाटलं तूच आजारी आहेस. तू भांडत नव्हतीस."

"कशी भांडू? किती दिवस उरलेत माहीत नव्हतं." तिने पदर नव्हता म्हणून बटाट्यांच्या फडक्यानेच डोळे पुसले. "ट्रेव्हर, अकरा महिने झाले मी घरी आहे. साडेबाराला जेवण वाढून घेते, रेडिओ लावते आणि रेडिओशी बोलते. परवा बातम्या देणाऱ्याला मी 'थोडं वाढू का' विचारलं. मी दिवस मोजत होते, ऑक्टोबर आला की तू घरी येशील म्हणून. आणि तू म्हणे आणखी दोन वर्षं."

"मग म्हणाली का नाहीस? तू तर 'तुझं तू बघ' म्हणालीस."

"तू विचारलंस का?" जॅनिस म्हणाली. "ब्रायनला विचारलंस. मॉरीनला विचारलंस. फोनवर त्या पोरीला विचारलंस. थडग्यांना विचारलंस, ट्रेव्हर, पोटावर पडून. मला नाही विचारलंस."

ट्रेव्हरला आत कुठेतरी भारी लागलं, आणि त्याच वेळी त्याला इतकं कृतज्ञ वाटलं की त्याचे डोळे भरून आले. ही बाई आपल्यासाठी अकरा महिने थांबली होती, आणि आपण मात्र पणजीच्या आयुष्यातून दोन महिने शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळी भांडी घासली आणि घरोघर परत करायला निघाला. प्रत्येक दारात तो थोडा वेळ थांबला. मॉरीनला म्हणाला की पाई गावात कुणाला अशी जमत नाही, आणि रेजची आठवण येते का म्हणून विचारलं. ब्रॅकनशॉत असं विचारत नाहीत, पण त्याने विचारलं, आणि मॉरीन तासभर बोलली. फिलिपाकडे चहा प्यायला. मळ्यात जाऊन त्याने अध्यक्षाला आपला वाफा मधोमध तोडून अर्धा नेव्हिलच्या नावे करायला सांगितला. असं करता येतं, नियमात आहे, फक्त आजवर कुणी केलेलं नव्हतं. मधली रेघ अर्थात ट्रेव्हरने स्वतः मोजली. नेव्हिलने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच लावलं नाही, नुसता आपल्या अर्ध्या वाफ्याच्या मधोमध उभा राहिला. बाक जिथल्या तिथे आहे. पट्टी बदलायचं ठरलं होतं, पण ट्रेव्हर म्हणाला राहू द्या, पैसे वाया जातील. माणसांना आपल्यामागे लोक काय करतील हे कळत नाही, आपल्याला कळलं, आणि वर जेवायलाही मिळालं, असं तो ज्याला त्याला सांगत फिरला.

घरी आल्यावर त्याने फोन उचलला. बासरी वाजली, पुष्कळ वाजली. जॅनिस समोर बसून मटार सोलत होती. मग एक आवाज आला. या वेळी कॅथ नव्हती, कुणी वयस्कर गृहस्थ होते. त्यांना ट्रेव्हरचं ते पानभर पत्र समोर दिसत होतं. असं पत्र तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले, पण अत्यंत आदराने. त्याचं नाव, जन्मतारीख, बँक, सगळं लिहून घेतलं. खरोखर दहा मिनिटंही लागली नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि कधीपासून सुरू करू, मिस्टर सग्डन?"

ट्रेव्हरच्या जिभेवर तारीख होती. त्याने ती गिळली. फोनवर तळहात ठेवला आणि वळला.

"जॅनिस," तो म्हणाला, "विचारताहेत कधीपासून. काय सांगू?"

जॅनिसचे हात मटारांत थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आजपासून सांग."

"आजपासून देत नाहीत गं. वाढदिवसापासून देतात. अजून पंधरा दिवस आहेत."

"बरं," जॅनिस म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली. "पंधरा दिवस थांबेन मी."